बरोबरराव अजून बघण्यासारखा आहे का

४ जून

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दोनदा उलटून पाहिलं, मागे आणखी काही लिहिलंयस का म्हणून. मागे फक्त पत्ता होता. बावीस वर्षांनी भावाने भावाला लिहिलं आणि मजकूर किती, तर एक ओळ. "दादा, बरोबरराव अजून बघण्यासारखा आहे का? कळव." नमस्कार नाही, कसा आहेस नाही, खाली सहीसुद्धा नाही. अक्षर ओळखलं म्हणून बरं, नाहीतर पोस्टमनलाच विचारावं लागलं असतं की बाबा रे, हे कोणाचं.

तुझी वहिनी म्हणाली, इतक्या वर्षांनी कोणी सिनेमाबद्दल विचारतं का? मी म्हटलं, तो लहानपणापासून असाच आहे, तापाने फणफणला होता तेव्हाही पतंगाचा मांजा कुठाय ते विचारत होता.

तो सिनेमा परत आलाय हे तुलाही पेपरातून कळलं असणार. कुठल्यातरी गोदामात जुनी प्रिंट सापडली, ती धुऊनपुसून नवी केली, आणि आता शिकलेसवरलेले लोक त्यावर लेख लिहितायत. आपल्या वेळी लोक पोट धरून हसायचे आणि घरी जायचे. आता म्हणे तो उपहास आहे. मी अकरा वर्षं केबिनमध्ये उभा राहून सिनेमे दाखवले, पण सिनेमा चांगला की वाईट हे मला कधी कोणी विचारलं नाही. ऑपरेटरला लोक एवढंच विचारतात, चित्र अंधुक का दिसतंय. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून आधी छाती फुगली, आणि मग काय उत्तर द्यावं ते सुचेना.

गोष्ट तुला आठवत असेलच. चौकातलं मोठं घड्याळ वीस मिनिटं मागे पडतं. ते दुरुस्त करण्याऐवजी कचेरी एका कारकुनाकडून लिहून घेते की घड्याळ बरोबर आहे, गावातली बाकीची सगळी चुकलीत. कुठलाही कागद पुढे आला की 'बरोबर' लिहून सही ठोकणारा तो कारकून म्हणजे बरोबरराव. पण सिनेमा चांगला होता का? खरं सांगू, मला आठवत नाही. आठवतो तो प्रोजेक्टरचा आवाज आणि केबिनमधला उकाडा.

येत्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तो दाखवणार आहेत. जाऊन बघतो आणि नीट कळवतो.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

तुझा,
दादा


११ जून

प्रिय धाकट्या,

पाहिला. आणि पाहून आलो तो आणखी गोंधळून.

आधी हे सांगतो की वाचनालयातला तो कार्यक्रम कोण चालवतो. तुझा शाळेतला दोस्त, चष्मिस. आता केस पिकलेत, भिंगं आणखी जाड झालीत, आणि डावा पाय अजून तसाच, इंचभर आखूड. हॉल वरच्या मजल्यावर आहे. मी त्याच्यामागून जिना चढलो. तो कठड्याला हात लावायच्या आधी दोनदा हलवून बघतो, मगच धरतो. माझ्या लक्षात आलं हे त्याच्याही लक्षात आलं. हसून म्हणाला, सवय. मग तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, कार्ड आलंय. त्याने चष्मा काढून पुसला आणि खुर्च्या मांडायला निघून गेला.

आता सिनेमा. पहिला अर्धा तास मी एकदाही हसलो नाही. शेजारची कॉलेजची पोरं मात्र खदाखदा हसत होती, तीही भलत्याच जागी. बरोबरराव जेवणाच्या डब्यावरसुद्धा 'बरोबर' लिहून सही करतो, तिथे आपलं थिएटर डोक्यावर घ्यायचे. ही पोरं तिथे गप्प, आणि साहेब नुसता खुर्ची मागे सरकवतो तिथे हसून लोटपोट. मला वाटलं, एक तर मी म्हातारा झालो किंवा सिनेमा तरुण झाला.

पण खरी गंमत पुढे आहे. मध्यंतराच्या आधी बरोबरराव घड्याळाच्या शिडीवर चढतो आणि भर चौकात ओरडून सांगतो, घड्याळ चूक आहे, मी सांगतो, चूक आहे. मग त्याला खाली उतरवतात, चहा पाजतात, हात असलेली साहेबी खुर्ची देतात, आणि तो सही करतो. शेवटी त्याला हार घालतात, आणि तो गुपचूप आपलं मनगटावरचं घड्याळ वीस मिनिटं मागे करतो. समाप्त.

आपण पाहिला तो असा नव्हता, हे तुला आठवत असेल. आपल्याकडे शिडी शेवटी होती. आधी सही, आधी हार, आणि मग तो शिडीवर चढून खरं बोलतो आणि लोक टाळ्या वाजवतात. तेव्हा रिळांचा काहीतरी घोटाळा झाला असावा. होतं असं कधी कधी, डब्यावर एक आकडा आणि आत दुसरंच रीळ.

तर बघण्यासारखा आहे का? एकदा वाटतं आहे, फार चांगला आहे, इतका की पाहताना लाज वाटते. एकदा वाटतं, एका भित्र्या माणसावर दोन तास हसायचं यात कसलं आलंय शहाणपण. चष्मिसला विचारलं. तो म्हणाला, चांगला आहे, पण मी शेवट बघत नाही, चपला नीट लावायला बाहेर जातो. या उत्तराचं काय करावं ते मला कळलं नाही, तसंच तुला कळवतो.

मागच्या पत्रात लिहिलं नाही, बाबा गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून पलंगावरच असतात. लाल पेन्सिल मात्र सुटलेली नाही. सकाळी पेपर आला की त्यातल्या चुका दुरुस्त करतात. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहिताना णाचा न केला होता, तो दुरुस्त करून चिठ्ठी परत दिली. बोलणं मात्र कमी झालंय. काहीही विचारा, एकच उत्तर. पाणी हवं का? बरोबर. दुखतंय का? बरोबर. तुझी वहिनी म्हणते, यांना हो म्हणायचंय की नाही तेच कळत नाही. डॉक्टर काहीबाही बोलतात, त्यांना उगाच घाबरवायची खोड आहे.

तुझा,
दादा


१४ जून

धाकट्या,

मी मूर्ख आहे. तुला हे नवीन नाही, पण मला आज सकाळी कळलं.

तुझं कार्ड मी बाबांच्या उशाशी, औषधाच्या बाटल्यांना टेकवून ठेवलं होतं. मुद्दाम नाही, हातातलं कुठेतरी ठेवतो तसं. आज बाटल्या पुसायला उचलल्या तर कार्डावर लाल पेन्सिल. बाबांनी तुझी ओळ तपासलीय. 'बघण्यासारखा'मधला शेवटचा काना खोडून वर मात्रा दिलीय, आणि 'आहे'च्या पुढे काकपद करून वर 'त' लिहिलाय. आता ती ओळ अशी झालीय: बरोबरराव अजून बघण्यासारखे आहेत का?

मी तुझ्या वहिनीला हाक मारली आणि म्हटलं, बघ, नगरपालिकेतला हेडक्लार्क अजून जागा आहे, 'राव' म्हटलं की आहेत पाहिजे, एवढं व्याकरण त्यांना पुरतं ठाऊक आहे. ती कार्ड वाचून म्हणाली, अहो, सिनेमा कोणी 'अजून' बघण्यासारखा आहे का विचारतं का? हे भावोजींनी बाबांबद्दल विचारलंय.

मी म्हटलं, छे. बाबांबद्दल असतं तर तो 'आहेत' लिहील ना. आपल्या घरात बाबांना कोणी एकेरी बोलत नाही.

ती उरलेल्या बाटल्या पुसायला लागली, आणि माझं मलाच आठवलं. एक जण बोलला होता. दारात, बॅग हातात घेऊन. बाबांना तोंडावर तू म्हणालास, आणि मला म्हणालास, "तो माझा कोणी नाही." तेव्हापासून तुझ्यासाठी ते 'आहे'च राहिले असणार. आणि गावाने त्यांना जे नाव ठेवलं होतं, तेच तू लिहिलंस.

म्हणजे तू त्यांच्याबद्दल विचारत होतास का? ते अजून बघण्यासारखे आहेत का, यावं का, असं? आणि मी तुला पोरं कुठे हसली ते सांगत बसलो. की खरंच सिनेमाबद्दलच होतं, आणि आम्ही दोघं नवराबायको सुतावरून स्वर्ग गाठतोय? मला कळत नाही. बाबांना विचारलं, हे तुमच्याबद्दल आहे का? म्हणाले, बरोबर. पण ते तर सगळ्यालाच म्हणतात.

कुठल्या बरोबररावाबद्दल विचारलंस ते उलट टपाली कळव.

दादा


२३ जून

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर नाही. नऊ दिवस झाले. तू चिडला असशील किंवा पत्र पोचलं नसेल. डॉक्टर काल येऊन गेले. मला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलावून घ्या. मागच्या वेळीही हेच म्हणाले होते, मी तुला नीट लिहिलं नाही. तेव्हा आता तू कोणत्याही बरोबररावाबद्दल विचारलं असशील, मी दोघांबद्दलही खरं ते लिहितो. त्यानंतर तुला यायचं नसेल तर नको येऊस, पण निदान कशासाठी येत नाहीस ते तुला माहीत असावं.

पहिली गोष्ट रिळांची. मागे लिहिलं की काहीतरी घोटाळा झाला असावा. घोटाळा झाला नव्हता. तो मी केला.

तुला आठवतं, बाल्कनीच्या जिन्याचा कठडा सुटला तो सिनेमाच्या तिसऱ्या आठवड्यात. पास मी तुला दिला होता, तुझी परीक्षा होती म्हणून तू तो चष्मिसला दिलास. तो पडला, मांडीचं हाड मोडलं. तू ते स्वतःच्या डोक्यावर घेतलंस, मला माहितीय. मग नगरपालिकेत जिन्याच्या तपासणीचे कागद निघाले आणि त्यावर बाबांच्या अक्षरात 'बरोबर' आणि सही. पडद्यावर रोज तो कारकून, आणि आपल्या घरी हा. गावाला आयतंच नाव मिळालं. मुलं आपल्या फाटकावर खडूने लिहून जायची.

बाबांनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता, परीक्षेमुळे तूही नाही. एका रविवारी म्हणाले, मला ज्याचं नाव दिलंय तो कोण आहे ते बघतो. तू त्यांना घेऊन दुपारच्या खेळाला येणार होतास. मी सकाळीच केबिनमध्ये जाऊन बसलो. शेवटच्या रिळात सगळं थिएटर त्याच्यावर हसायचं, आणि त्या अंधारात बाबा बसणार, हे माझ्याच्याने बघवेना. मी सहावं, शिडीचं रीळ बाजूला काढलं आणि शेवटाला लावलं. मनगटावरचं घड्याळ मागे करतो तो तुकडा ब्लेडने कापला, 'समाप्त'ची पाटी सहाव्याच्या शेपटीला चिकटवली. एवढंच केलं. बरोबरराव भित्र्याचा शूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक वर येऊन म्हणाले, असंच राहू दे, हे लोकांना आवडतंय. तेव्हा सबंध गावाने पुढे तोच पाहिला.

मला वाटलं, मी बाबांवर उपकार केले. घरी जाताना तू त्यांना काय म्हणालास ते मला संध्याकाळी कळलं. सिनेमातल्या त्या माणसातसुद्धा शेवटी खरं सांगायची हिंमत आली, तुम्ही कधी सांगणार, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? बाबा पुढे चालत राहिले. चौकशीत ते एकच शब्द बोलले होते, नजरचूक. तू चार दिवस वाट पाहिलीस आणि गेलास.

त्या माणसात हिंमत आलीच नव्हती रे. ती मी ब्लेडने आणली होती. तू खरा सिनेमा पाहिला असतास तर कदाचित बाबांचा हात धरून गप्प घरी गेला असतास. तू त्यांना ज्या मापाने मोजलंस, ते माप मी खोटं करून दिलं होतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. बाबांना विचारत होतास ना, कोणाच्या सांगण्यावरून. थिएटरचे मालक एका सोमवारी आपल्या घरी आले होते. मी आतल्या खोलीत होतो, दोन वर्षं कामाविना घरात बसलेला. मालक जाताना म्हणाले, मुलाला परवापासून पाठवा. चौकशीच्या वेळी तो कागद घरी आला तेव्हा मी तारीख पाहिली. सही मंगळवारची आहे. बुधवारी मी केबिनमध्ये होतो.

मी बाबांना कधी विचारलं नाही. तारखा जुळतात, एवढंच मला ठाऊक. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना त्यांना घरी बसवलं, तू गेलास, लोकांनी नाव ठेवलं, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही नाही घेतलं. हे सगळं माझ्यामुळे झालं. तू बावीस वर्षं चुकीच्या माणसावर रागावलायस.

आता वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस. पण त्यांना बघून जा.

तुझा,
दादा


२४ जून, त्याच पाकिटात

धाकट्या,

कालचं पत्र टाकायला निघालो होतो, पायात चपला घातल्या होत्या. मग वाटलं, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून न दाखवता टाकणं बरं नाही. बाबांच्या पलंगाशी बसलो आणि सगळं वाचलं. रिळांचं वाचलं तेव्हा ते छताकडे बघत होते. मालकांचं वाचलं तेव्हाही. तुझी वहिनी दारात उभी होती.

वाचून झालं आणि मी विचारलं, बाबा, हे बरोबर आहे का?

त्यांनी हात पुढे केला. मी पत्र दिलं. पेन्सिल त्यांच्या उशीखाली होती, त्यांनी स्वतः काढली. पाच मिनिटं कागद डोळ्यांजवळ धरून होते. मग शेवटच्या पानावर एक वाक्य खोडलं आणि म्हणाले,

"चूक."

दीड महिन्यात त्यांच्या तोंडून दुसरा शब्द ऐकला तो हा.

पत्र सोबत आहे, तू स्वतः बघ. 'हे सगळं माझ्यामुळे झालं' या वाक्यावर लाल रेघ आहे. पट्टी लावल्यासारखी सरळ. बाकी कशाला हात लावलेला नाही, एक वेलांटीसुद्धा बदललेली नाही.

आता मला काहीच कळेनासं झालंय. सही माझ्यासाठी नव्हती का? त्यांनी खरंच जिना पाहिला होता आणि त्यांना तो बरा वाटला होता, खरंच नजरचूक होती का? मग बावीस वर्षं मी उगाचच हे ओझं वागवलं. की होती माझ्यासाठीच, आणि बाप म्हणून आजही मला वाचवतायत? मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाले, बरोबर. मग डोळे मिटले, आणि तुझं कार्ड छातीवर धरून झोपले. ते तुला परत पाठवायचं ठरवलं होतं, पण बोटं सोडवेनात, म्हणून राहू दिलं.

माझ्याजवळ ते बोलणार नाहीत. बोलले तर तुझ्याजवळ बोलतील, आणि तेही आत्ता, पुढच्या महिन्यात नाही. सिनेमा चांगला की वाईट ते मला अजूनही सांगता येत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आहे, आणि ते तपासून घेतलेलं आहे.

बरोबरराव अजून बघण्यासारखे आहेत. ये.

दादा